पान एकोणचाळीसवरची टीप

त्या आकड्याच्या उजव्या खांद्यावर एक बारीक ‘३’ होता. मी कॅलिपर लावून त्याची उंची मोजली. एक मिलिमीटरला थोडी कमी. खालचा आकडा बावीस मिलिमीटर उंच होता, केशरी रंगाचा, आणि त्याला मागून सावली दिली होती.

“काय मोजताय मॅडम?” टेबलापलीकडून शांतिनाथ मगदूम यांनी विचारलं.

“छपाई,” मी म्हटलं आणि कॅलिपर मिटला.

ते आमच्या चिपचं नवं ब्रोशर होतं. केशरी आकडा होता वीस नॅनोअँपिअर. एका अँपिअरचे शंभर कोटी भाग करायचे आणि त्यातले वीस घ्यायचे. आमची चिप झोपलेली असताना सेलमधून एवढीच वीज घेते, असा त्याचा अर्थ. बारीक ‘३’ म्हणजे तिसरी टीप. ती ब्रोशरवर नव्हती. ती चिपच्या एकशे बारा पानांच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे तांत्रिक माहितीपुस्तिकेत, पान एकोणचाळीसवर होती.

ही चौदा वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली गोष्ट. मी चिप बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात होते. ऑफिस म्हणजे कर्वेनगरमधला एक बंगला. खालच्या मजल्यावर विक्री आणि मार्केटिंग, वरच्या मजल्यावर माझी लॅब: दोन टेबलं, एक खूप चांगला मीटर आणि गच्चीचा जिना. आमची चिप वापरून जे इंजिनिअर यंत्रं बनवतात, त्यांना डिझाइनमध्ये मदत करणं हे माझं काम.

मगदूम जयसिंगपूरहून पहाटेच्या एसटीनं आले होते. डिप्लोमा झालेला, पंचेचाळिशीचा माणूस. चार कामगारांचं वर्कशॉप. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला एक डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. जेवणाच्या डब्याएवढा, लोखंडी, हिरवा रंग दिलेला.

“बंधाऱ्यावर बसवायचा,” ते म्हणाले. “आमच्याकडं नदीत दगडी खांबांचे बंधारे असतात बघा. त्यावरनं माणसं जातात, सायकली जातात, गाड्या जातात. पाणी वाढलं की बंधारा पाण्याखाली. पाणी लाल खुणेला टेकलं की हा डबा रेडिओवरनं गावातल्या भोंग्याला सांगणार. भोंगा वाजला की कुणी बंधाऱ्यावर पाय ठेवायचा नाही.”

“आणि बाकीचा वेळ?”

“बाकीचा वेळ झोप. दर पंधरा मिनिटांनी उठायचं, पाणी बघायचं, परत झोपायचं. पाणी नाही तोवर गप्प. गावातली माणसं विचारतात, हे चालू आहे का बंद? मी सांगतो, गप्प आहे म्हणजे ठीक आहे.”

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत आमची चिप, एक नाण्याएवढा सेल, रेडिओ आणि भरपूर मोकळी जागा.

“ही जागा?”

“रेझिन. सोमवारी एकशे चाळीस डब्यांत ओतणार. एकदा ओतलं की दगड. मग ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही.”

“सेल बदलायला झाकण ठेवायचं.”

“ठेवलं होतं की.” ते हसले. “आधी बारा डबे स्क्रूवाले बसवले. सातांचे स्क्रू गेले. दोघांत मुंग्या. एकात तंबाखूची पुडी सापडली, चुन्याच्या डबीसकट. कुणीतरी कपाटच केलं होतं त्याचं. तेव्हा पाटबंधारे खातं म्हणालं, बंद डबा द्या. पाच वर्षं हात लावायचा नाही असा.”

“पाच वर्षं तुम्ही कशावरून काढलीत?”

“तुमच्याच शीटवरनं.”

त्यांनी घडी घातलेला कागद उघडला. वरच्या कोपऱ्यात आमच्या कंपनीचं चिन्ह, मध्ये त्यांनी भरलेले आकडे: सेल किती मोठा, दिवसातून किती वेळा उठायचं. खाली उत्तर: नऊ वर्षं चार महिने. आणि सगळ्यात खाली, लहान अक्षरांत, ‘तयार करणारी: हेमांगी पळशीकर’.

“नऊ आली. मी म्हटलं, आपण सांगताना पाचच सांगू. हात राखून,” मगदूम म्हणाले. “आमच्या कामगारांना हे नाव दाखवतो मी. म्हणतो, ही बाई उगाच एक आकडा लिहिणार नाही.”

मी कागद पुन्हा पाहिला. तो पाहण्याची मला गरज नव्हती.

ते शीट मी दोन वर्षांपूर्वी बनवलं होतं. इंजिनिअरनं आपल्या यंत्राची माहिती भरायची, शीट बॅटरीचं आयुष्य सांगणार. त्यात वरच्या बाजूला तीन पिवळे चौकोन होते. तापमान किती? झोपेत चिपची आठवण, म्हणजे मेमरी, चालू ठेवायची का? झोपेत घड्याळ चालू ठेवायचं का? हे तीन चौकोन भरल्याशिवाय उत्तर येत नसे. मुद्दाम तसं केलं होतं.

आधीच्या सप्टेंबरात वेबसाइटवर शीट उघडलं तेव्हा पिवळे चौकोन दिसले नाहीत. ओळी लपवल्या होत्या, आणि लपवण्याआधी आत उत्तरं भरून कुलूप लावलं होतं: पंचवीस अंश, आठवण बंद, घड्याळ बंद. माझं नाव तेवढं जागेवर होतं.

त्या दिवशी मी मार्केटिंगला एक मेल लिहिली. ती पाठवली नाही. सात महिने ती ‘ड्राफ्ट’मध्ये होती.

“मगदूमसाहेब, झोपेत चिपला वेळ लक्षात ठेवावी लागते ना?”

“हो की. नाहीतर पंधरा मिनिटं झाली हे कळणार कसं?”

“आणि मागच्या वेळचं पाणी?”

“ते तर पाहिजेच. मागचं लक्षात नसेल तर चढतंय का उतरतंय कसं समजणार?”

“उन्हात हा डबा किती तापतो?”

“मे महिन्यात हात लावून बघा,” ते म्हणाले. “मला शिव्या घालाल.”

मी लिहून घेतलं. तिन्ही उत्तरं शीटच्या उलट होती.

“खात्याला चिप कंपनीचं पत्र पाहिजे,” ते उठता उठता म्हणाले. “पाच वर्षं चालेल म्हणून. तुमचे नाडगौडासाहेब म्हणाले, शनिवारी सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर देऊ, पळशीकर मॅडमच्या सहीनं. मंडळी आमची म्हणाली, नवा शर्ट घ्या.”

“हा डबा शनिवारपर्यंत माझ्याकडे राहू दे.”

“ठेवा की.” जिन्याशी ते थांबले. “मॅडम, हे मी धंद्यासाठी सुरू केलेलं नाही. आता धंदा झाला ते सोडा. आमच्या गल्लीत रायगोंडा म्हणून होता, सायकलवरनं दूध घालायचा. पहाटे बंधाऱ्यावरनं निघाला. पाणी घोट्याएवढं असेल असं वाटलं त्याला.”

ते एक पायरी उतरले.

“सायकल सापडली,” ते म्हणाले.

“मगदूमसाहेब,” मी विचारलं, “सेल संपला, तर डबा काय करेल?”

“काय करणार? गप्पच राहणार. पण पाच वर्षं तो प्रश्न नाही ना.”

*

गुरुवारी मी साडेसातला लॅबमध्ये आले. मीटर अर्धा तास तापू दिला. मगदूमांच्या डब्यातली चिप आधी तिसऱ्या टिपेतल्या अटींवर झोपवली: घड्याळ बंद, आठवण बंद. मीटरवर आकडा स्थिरावला, एकवीस नॅनोअँपिअर. म्हणजे ब्रोशर खरं होतं. मला ते नोंदवून ठेवायचं होतं, म्हणून मी तीनदा मोजलं.

मग ती मगदूमांना हवी तशी झोपवली. घड्याळ चालू, आठवण चालू. लॅबचं तापमान सत्तावीस. आकडा चढत गेला आणि थांबला दोन हजार सहाशेवर.

उरला डब्याचा ताप. यंत्रं गरम-थंड करून तपासायचं मोठं कपाट असतं, चेंबर म्हणतात त्याला. मी दोन वर्षं तो मागत होते आणि दोन वर्षं तो पुढच्या तिमाहीत येत होता. मी डबा गच्चीवर नेला, पाण्याच्या टाकीजवळ उघड्या सिमेंटवर ठेवला, आत तापमापकाची तार सोडली आणि मीटरच्या तारा जिन्यावरून खाली लॅबमध्ये आणल्या.

शेजारच्या गच्चीवर साठीच्या एक बाई कुरडया घालत होत्या. पांढऱ्या धोतरावर ओळीनं ठेवलेल्या.

“काय वाळत घातलंय?” त्यांनी विचारलं.

“डबा.”

“रिकामा?”

“रिकामाच म्हणायचा.”

“मग वाळेल लवकर,” त्या म्हणाल्या. “कावळे बघा हं तेवढे. तुमच्याकडे वळले तर माझ्या कुरडयांना जरा उसंत.”

अकरा वाजता डब्यात बेचाळीस अंश होते आणि मीटरवर सात हजारांच्या वर. दुपारी दोन चाळीसला अठ्ठावन्न. मीटरवर एकवीस हजार.

मी खाली येऊन पंखा बंद केला, कागद उडू नयेत म्हणून, आणि हिशेब मांडला. दिवसाचे इतके तास ऊन, इतके सावली, इतके रात्र. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा वेगळे. दर पंधरा मिनिटांनी उठायची वीज. तापलेला सेल स्वतःच थोडा झिजतो, ते. उत्तर आलं वीस महिने. सगळे आकडे मगदूमांच्या बाजूनं धरले तर दोन वर्षं.

डबे मेमध्ये बसणार होते. पहिला पावसाळा निघाला असता. दुसराही निघाला असता, आणि त्या दोन पावसाळ्यांत भोंगा वेळेवर वाजल्यामुळे गाव त्या डब्यावर विसंबायला शिकलं असतं. तिसऱ्या पावसाळ्याआधी डबा गप्प झाला असता. त्या गप्प राहण्यात आणि आधीच्या गप्प राहण्यात बाहेरून काहीच फरक दिसला नसता.

मी कागदावर तारीख घातली आणि सही केली.

*

शुक्रवारी अकराला नाडगौडासरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सलील वर्तक आधीच बसला होता. नाडगौडा आमचे प्रमुख. शांत, कुणालाही कधी आवाज चढवून न बोलणारे. सलील मार्केटिंग बघायचा. टेबलावर लेटरहेडवर छापलेलं पत्र होतं. ‘सदर उपकरणाचे बॅटरी आयुष्य आमच्या प्रमाणित गणनेनुसार पाच वर्षांहून अधिक आहे.’ खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

“ये हेमांगी,” सर म्हणाले. “एक सही हवीय.”

मी माझा कागद पत्राशेजारी ठेवला. सरांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. सलीलनं वाकून फक्त शेवटची ओळ वाचली.

“गच्चीवर?” तो म्हणाला. “तू कंपनीची चिप गच्चीवर वाळत घातलीस?”

“बंधाऱ्यावर काय एसी असतो?”

“अगं, टीप आहे ना. तिसरी टीप. पंचवीस अंश, आठवण बंद, घड्याळ बंद. स्वच्छ लिहिलंय.”

“पान एकोणचाळीसवर.”

“मग? इंजिनिअर आहेत ते. एकोणचाळीसपर्यंत पोहोचायला नको?”

“शीटमध्ये ते पान नाही. शीटमध्ये माझे तीन चौकोन होते. ते कुणी काढले?”

सलील खुर्चीत मागे रेलला. “काढले नाहीत. लपवले. लोक गोंधळायचे. फोन करायचे, तापमान काय भरू म्हणून. आता भराभर उत्तर मिळतं. सात महिन्यांत चारशे बारा जणांनी शीट उतरवून घेतलं, माहितीय? आधी वर्षाला साठ होते.”

“तू मला विचारलं नाहीस.”

“तू काही बोललीही नाहीस,” तो म्हणाला. “सप्टेंबरपासून. मला वाटलं, तुला पटलं.”

सरांनी चष्मा काढला.

“हेमांगी, या ब्रोशरमधलं खोटं अक्षर मला दाखव. एक.”

“एकही नाही, सर. मी मोजलं. एकवीस आला.”

“झालं तर. सगळ्या कंपन्या असंच लिहितात. समोरचा पंधरा लिहितो, त्याच अटींवर. आपण पहिल्या पानावर दोन हजार सहाशे लिहिलं तर ब्रोशर उघडणारसुद्धा नाही कोणी. मग ती चांगली चिप असून उपयोग काय? आणि चिप चांगली आहे, हे तूच म्हणतेस.”

“चांगली आहे. मगदूमांनी सेल दुप्पट मोठा घेतला, डब्याला पांढरा रंग दिला आणि वर पत्र्याची टोपी बसवली, तर याच चिपवर पाच वर्षं निघतील. मी तेही काढलंय. मागच्या बाजूला आहे.”

सरांनी कागद उलटा केला, पाहिला आणि पुन्हा सुलटा ठेवला. “छान आहे. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी.”

“कधी?”

“सेमिनार होऊ दे. ऑर्डर पक्की होऊ दे. पुढच्या महिन्यात.”

“सोमवारी ते रेझिन ओततायत, सर. त्यानंतर सेल बदलता येत नाही. काहीच बदलता येत नाही.”

“मग पुढच्या खेपेला सुधारतील. कुठलंही यंत्र पहिल्या खेपेला पुरं होत नाही.” त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि हलकेच माझ्याकडे सरकवला. “हे तुला शनिवारनंतर देणार होतो. चेंबर मंजूर झालाय. दोन इंजिनिअरही. लॅब तुझी. आता तुला गच्चीवर जायची गरज नाही.”

कागदावर माझं नाव होतं, नव्या हुद्द्यासह. मी तो दोनदा वाचला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. चेंबरचं मॉडेलसुद्धा मी सुचवलेलंच होतं.

“सही?” सलीलनं पेन पुढे केलं.

“पत्र वाचून उद्या आणते,” मी म्हटलं.

“चार ओळी आहेत. त्याला रात्र कशाला?”

“असू दे,” सर म्हणाले. “तिची पद्धत आहे ती. उद्या आणेल.”

मी दोन्ही कागद घेऊन वर आले. मगदूमांचा नंबर समोर लिहिलेला होता. मी रिसीव्हर उचलला आणि पुन्हा ठेवला. मगदूमांना सांगितलं असतं तर एक माणूस सावध झाला असता. चारशे अकरा उरले असते. त्यांची यंत्रं काय होती, मला माहीत नव्हतं. कुणी औषधांच्या पेट्यांत बसवणार असेल, कुणी बॉयलरवर.

संध्याकाळी घरी जाताना मी झेरॉक्सच्या दुकानात थांबले. एका पानाच्या साठ प्रती काढल्या.

“दोन्ही बाजूंनी, ताई?” दुकानदारानं विचारलं.

“एकाच. दुसऱ्या बाजूला लोकांना लिहायला जागा राहू दे.”

*

सेमिनार सेनापती बापट रस्त्यावरच्या एका हॉटेलात होता. साठ खुर्च्या, भरलेल्या. पुणे, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर, सगळीकडून आलेले इंजिनिअर. बहुतेकांच्या शर्टाच्या खिशाला पेन आणि टेस्टर. दाराशी कॉफी आणि केशरी आकड्याचं ब्रोशर. माझ्या पर्समध्ये लहान तापमापक असतो. हॉलमध्ये एकवीस अंश होते.

सलीलनं व्यासपीठावर दोन लिंबं कापली. त्यांत तांब्याच्या आणि जस्ताच्या पट्ट्या खोचल्या, तारा चिपच्या बोर्डाला जोडल्या, आणि बोर्डावरचं घड्याळ चालू झालं.

“मंडईतली लिंबं आहेत,” तो म्हणाला. “कंपनीची नाहीत.”

“मीठ घालायचं का?” मागून कुणीतरी विचारलं. हशा झाला.

“सरबत कार्यक्रमानंतर. आधी हे बघा. वीस नॅनोअँपिअर. अशी झोप तुम्हाला तुमच्या घरात तरी मिळते का?”

टाळ्या पडल्या. दोन लिंबांवर कुठलंही साधं घड्याळ चालतं, कोणत्याही कंपनीच्या चिपचं. हे त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना माहीत असणार. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, लोकांत बसले असते तर. मी व्यासपीठावर डावीकडच्या खुर्चीत होते. पायाशी पिशवी होती.

मग सलीलनं मगदूमांना वर बोलावलं. नवा निळा शर्ट, पाठीवर घडीच्या रेघा तशाच. माझ्याकडचा हिरवा डबा सकाळीच सलीलनं नेऊन टेबलावर मांडला होता, खाली केशरी कापड घालून. नाडगौडासरांनी मगदूमांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. एका हातात नारळ आणि दुसऱ्यानं शाल सावरत मगदूम उभे राहिले.

“पाच वर्षं,” सलील माइकवर म्हणाला. “नाण्याएवढा सेल, नदीवरचा बंधारा, आणि पाच वर्षं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ही कमाल मगदूमसाहेबांची आणि आमच्या चिपची. आता ज्यांच्या शीटवर तुम्ही सगळे विसंबता, त्या हेमांगी पळशीकर यांच्या हस्ते कंपनीचं पत्र.”

मी उठले. पिशवी बरोबर घेतली.

“सही केलीस ना?” सरांनी ओठ न हलवता विचारलं.

“पत्र आणलंय,” मी म्हटलं.

पत्र काढून मी टेबलावर डब्याशेजारी ठेवलं. सहीची रेघ कोरी होती. सलीलला ती दिसली. त्यानं माइक माझ्याकडे देता देता हात किंचित मागे घेतला. मी माइक धरला होता, मी सोडला नाही. साठ माणसांसमोर माइकसाठी ओढाओढ करता येत नाही. त्यानं सोडला.

मला भाषण येत नाही. लॅबमध्ये माणसाला सुरुवात कुठून करायची हे ठाऊक असतं: आधी उपकरण, मग अटी, मग आकडा. इथं सुरुवात सापडेना. पहिल्या रांगेतल्या एकानं घड्याळाकडे पाहिलं.

“बोला की मॅडम,” मगदूम हळू आवाजात म्हणाले. त्यांना वाटलं मी भारावले आहे. “आपलीच माणसं आहेत.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग लोकांकडे.

“वीस नॅनोअँपिअर हा आकडा मी गुरुवारी मोजला,” मी म्हटलं. “तो बरोबर आहे. पंचवीस अंशांना, घड्याळ बंद, आठवण बंद. मगदूमसाहेबांच्या डब्यात घड्याळ चालू लागतं, आठवण चालू लागते. तेव्हा तो दोन हजार सहाशे होतो. उन्हात, एकवीस हजार.”

कुणाचीतरी कपबशी वाजली. कुणीतरी पेन उघडलं. तो आवाज आधी एकाचा होता, मग चार-पाच जणांचा.

“हेमांगी,” सर मागून म्हणाले, अगदी शांतपणे. “आपण हे ऑफिसात बोलू.”

“मॅडम,” मगदूम म्हणाले. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, डब्याला टेकून. “मग किती?”

“वीस महिने. फार तर दोन वर्षं.”

त्यांचे ओठ हलले. मी तो हिशेब ओळखत होते. मी तोच केला होता. मे, मग पहिला पावसाळा, मग दुसरा.

“तुमच्या शीटमध्ये नऊ वर्षं आली होती,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती.

मी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिला. त्यानं एक ठेवून बाकीचे मागे सरकवले.

“हे पान एकोणचाळीस आहे,” मी माइकमध्ये म्हटलं. “शीटमध्ये तीन चौकोन होते, जे तुम्हाला दिसत नाहीत. ते लपवलेत हे मला सात महिन्यांपूर्वी कळलं होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. खाली माझं नाव आहे. ते शीट चुकीचं आहे, ते कुणीही वापरू नका. आणि मगदूमसाहेब, या पत्रावर मी सही करणार नाही. सोमवारी रेझिन ओतू नका.”